स्वस्तातला स्टुडिओ स्पीकर खोलताय? या चुका टाळा

पुण्यातल्या तपकीर गल्लीत एका दुरुस्तीवाल्या काकांसमोर मी माझा पाच इंची पॉवर्ड मॉनिटर, म्हणजे आतच ॲम्प असलेला स्टुडिओ स्पीकर, ठेवला. त्यांनी तो उलटा केला, मागच्या पॅनेलकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "घरी खोललाय ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"स्क्रूची तोंडं बघा की. चार खाचांचं पार फूल झालंय."

खरं सांगायचं तर स्पीकर बिघडला म्हणून मी खोललाच नव्हता. आत काय असतं ते बघायची खाज होती. बिघडला तो नंतर, आणि त्याला मीच कारण. वीस हजारांच्या आतल्या जोडीची हौस म्हणून पोस्टमॉर्टेम करणारा मी एकटाच नाही, म्हणून हे लिहून ठेवतोय.

न बिघडलेला स्पीकर खोलणं

हौस म्हणून खोलत असाल तर ठीक आहे. पण दुरुस्तीसाठी खोलत असाल, तर दोष खरंच डब्याच्या आत आहे का, हे आधी तपासा. बऱ्याचदा तो बाहेरच असतो.

आवाज मध्येच बंद होतो आणि व्हॉल्यूम वाढवला की परत येतो? बहुतेक ते ऑटो स्टँडबाय असेल. काही वेळ सिग्नल आला नाही, की कित्येक मॉनिटर स्वतःच झोपी जातात. मागे त्याचं बटण असेल तर ते बंद करून बघा. सतत घूंऽऽ येत असेल, तर आधी मागची सिग्नलची केबल उपटा. घूं थांबलं, तर भानगड केबलची, ऑडिओ इंटरफेसची (लॅपटॉप आणि स्पीकरच्या मधल्या डबीची) नाहीतर लॅपटॉपच्या चार्जरची आहे. केबल काढूनही घूं चालूच राहिलं, तरच संशय आत न्या. एकाच बाजूचा आवाज येत नसेल, तर डाव्याची केबल उजव्याला लावून बघा. दोन मिनिटांचं काम आहे, वॉरंटीचं स्टिकरही शाबूत राहतं.

घूं घालवायला थ्री-पिनची अर्थिंगची पिन कापणारे महाभाग मी पाहिलेत. मागचं पॅनेल धातूचं आहे, म्हणून ती पिन दिलीय. आत कधी इन्सुलेशन गेलं, तर तुमच्या आणि २३० व्होल्टच्या मध्ये तेवढीच उभी असते. घूं बॅलन्स्ड केबलनं (आत दोन सिग्नलच्या तारा आणि वर जाळी असलेल्या) घालवा, पक्कडीनं नको.

अमेरिकेहून कुणी जोडी आणून दिली असेल, तर मागचा ११५/२३० चा सिलेक्टर आधी बघा. सिलेक्टर नसेल, तर लेबलवर किती व्होल्ट छापलेत ते वाचा. "लावला आणि फट् झालं" या तक्रारीचं मूळ पुष्कळदा तिथेच सापडतं. फ्यूज उडालेला असेल, तर तितक्याच ॲम्पिअरचा आणि त्याच जातीचा टाका. फ्यूजवर आकड्याआधी टी असेल तर तो सावकाश उडणारा. त्याजागी एफ टाकलात, तर चालू करतानाच उडेल. जाडा फ्यूज किंवा तार गुंडाळणं हा उपाय नाही, ती आग लावायची तयारी आहे.

बटण बंद केलं म्हणजे झालं, असं समजणं

इथे मात्र घाई करू नका.

पहिलं म्हणजे पिन भिंतीतून उपटा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. वायरिंग उलटं झालेलं असेल, तर बोर्डावरचं बटण फेजऐवजी न्यूट्रल तोडतं, आणि स्पीकर "बंद" असूनही आत फेज जिवंत राहतो.

दुसरं, पिन काढल्यावरही आत वीज साठलेली असते. आजकालच्या हलक्या स्पीकरमध्ये एसएमपीएस, म्हणजे जड ट्रान्सफॉर्मरऐवजी वापरलेला हलका पॉवर सप्लाय, असतो. त्यातला सगळ्यात जाडजूड कपॅसिटर, ज्याला आपले मेकॅनिक अजून कंडेन्सर म्हणतात, तो २३० व्होल्टच्या लाइनवर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत भरतो. त्याला बोट लागलं तर काय होतं, हे करून बघायची गोष्ट नव्हे. जुन्या पद्धतीचा जड ट्रान्सफॉर्मर असेल तर पुढचे कपॅसिटर कमी व्होल्टचे असतात. तेही ठिणगी पाडतात, पण जिवावर बेतण्याची भीती कमी.

पाच-दहा मिनिटं थांबा आणि मल्टिमीटर डीसीच्या ६०० किंवा १००० व्होल्टच्या रेंजवर ठेवून मोजा. व्होल्टेज उरलेलं दिसलं, तर स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून शॉर्ट करू नका. फाट्कन आवाज येतो, ट्रॅक जळतो, कपॅसिटरलाही मार बसतो. २२०० ओहमचा १० वॅटचा रेझिस्टर, इन्सुलेशन असलेल्या तारांनी, पाच सेकंद टेकवून धरा आणि पुन्हा मोजा. यातलं काही अवघड वाटत असेल, तर पॅनेल बंद करा आणि दुकान गाठा.

लोहचुंबक विसरणं

माझी पहिली चूक हीच. वूफरच्या (जाड आवाजाच्या मोठ्या स्पीकरच्या) कडेचे स्क्रू काढताना स्क्रू ड्रायव्हर जरा सैल धरला होता. मागच्या चुंबकानं त्याला असा काही खेचला, की टोक थेट कोनवर, म्हणजे पुढच्या हलणाऱ्या पडद्यावर, गेलं. नशिबानं भोक पडलं नाही, पण बारीक खळगा पडला, तो आजही दिसतो. ट्वीटरशी (बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरशी) तर आणखी जपून वागा, तिथला एक इंचाचा रेशमी डोम बोटाच्या धक्क्यानंही आत बसतो. जाड पुठ्ठ्याला गोल भोक पाडून तो कोनवर झाकण म्हणून ठेवा आणि दुसऱ्या हातानं ड्रायव्हरचा दांडा धरा. डोम आत गेलाच असेल, तर साधी सेलोटेप हलकेच चिकटवून वर ओढली की बहुधा येतो. टाचणीनं उकरू नका.

बरेच लोक आधी वूफरच काढायला जातात. खरं तर बघण्यासारखं सगळं मागच्या पॅनेललाच बसवलेलं असतं, त्यामुळे ते आधी काढा. स्पीकर जाड टॉवेलवर पालथा घाला. टॉवेलखाली कडेनं पुस्तकं लावा, म्हणजे कोनवर भार येणार नाही. स्क्रू निघाले तरी फोमच्या गॅस्केटमुळे पॅनेल चिकटून राहतं. तिथे ड्रायव्हर घालून उचकटू नका, डब्याच्या एमडीएफचा टवका उडतो.

पॅनेल सुटलं की लगेच उचलूही नका. आतल्या तारा जेमतेम वीतभर असतात. मी उचललं आणि काहीतरी टुक् झालं, तिकडे लक्ष दिलं नाही. काकांनी दोन मिनिटांत दाखवून दिलं: ट्वीटरची बारीक तार टॅगपासून निखळली होती. सोल्डरचा एक टाका, शंभर रुपये, आणि फुकटात एक कटाक्ष.

आत दिसलं त्याचा भलताच अर्थ लावणं

बोर्ड दिसला की आधी मोबाइलवर पाच-सहा फोटो काढा. कुठली तार कुठे जाते, ते नीट दिसलं पाहिजे. मग सावकाश बघा. एका कोपऱ्यात पॉवर सप्लाय असतो. इनपुटपाशी आठ पायांच्या बारीक आयसी दिसतात, त्या ऑप-ॲम्प. वूफरला काय जायचं आणि ट्वीटरला काय, ही वाटणी त्याच करतात. पुढे दोन वेगळे ॲम्प. यामाहाच्या एचएस५ मध्ये वूफरला ४५ वॅट आणि ट्वीटरला २५ वॅट असे दोन ॲम्प आहेत, आणि वाटणी २ किलोहर्ट्‌झला होते. आवाज आधी वाटून मग मोठा करायचा, ही या स्पीकरांची खासियत. तीन-साडेतीन इंचांच्या जोड्यांत मात्र पुष्कळदा सगळा ॲम्प एकाच डब्यात असतो. दुसरा खोललात, तर ट्वीटरच्या तारेत एक कपॅसिटर आणि बाकी हवा! फसवणूक वगैरे काही नाही, रचनाच तशी आहे.

कपॅसिटरच्या बुडाशी पिवळट चिकट काही दिसलं, की लोक "लीक झालाय" म्हणून घाबरतात. तो बहुधा भाग हलू नयेत म्हणून कारखान्यात लावलेला गोंद असतो. पण तोच गोंद तपकिरी, कडक झाला असेल तर तो वीज वाहू लागतो आणि पाय गंजवतो. तेव्हा खरवडून काढायला हवा. कपॅसिटरचं डोकं फुगलेलं असेल तर मात्र तो गेलाच. बोर्ड उलटून जड भागांचे आणि इनपुट सॉकेटचे टाके भिंगातून बघा. स्पीकरचा डबा सतत थरथरतो, त्यामुळे टाक्याभोवती केसासारखी गोल भेग पडते आणि टपली मारली की आवाज येतो-जातो. माझ्या मते आत सापडणाऱ्या दोषांत सगळ्यात आधी हाच शोधावा.

आपल्याकडचा एक खास दोष म्हणजे पोर्टच्या (डब्याला हवेसाठी ठेवलेल्या) भोकातून आलेले पाहुणे: झुरळं, मुंग्या, कधी कुंभारमाशीचं मातीचं घर. एकदा एका मित्राच्या स्पीकरमध्ये पॉवर सप्लायवर आडवी पडून वाळलेली पाल निघाली. फ्यूज का उडाला, हे विचारायची गरज उरली नाही.

आत शिरलोच आहोत तर ऑप-ॲम्प बदलून "अपग्रेड" करू, हा मोह आवरा. एनई५५३२ सारखी साधी आयसी या किमतीच्या स्पीकरला पुरून उरते. कमी पडतो तो पाच इंची वूफर आणि तुमची खोली. हीटसिंकवरची (उष्णता घालवणाऱ्या धातूच्या पट्टीवरची) ॲम्पची आयसीही उगाच सोडवू नका. टीडीए७२९४ सारख्या आयसीची धातूची पाठ उणे सप्लायला जोडलेली असते. मधला अभ्रकाचा पापुद्रा हरवला, तर चालू करताक्षणी धूर.

बंद करताना घाई

वूफरच्या दोन थिंबलची (तारेच्या टोकाला लावलेल्या पट्ट्यांची) रुंदी बहुधा वेगळी असते, त्यामुळे ती उलटी बसत नाहीत. बळ लावावं लागलं, तर थांबा आणि फोटो बघा. ट्वीटरच्या तारा उलट्या झाल्या तरी आवाज येतो, पण माणसाचा आवाज पोकळ लागतो. वूफरच्या उलट्या झाल्या, तर जोडी एकत्र वाजवल्यावर बास गायब होतो. शंका असेल तर वूफरच्या तारा ॲम्पपासून सोडवा आणि दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा: प्लसला प्लस लागलं की कोन बाहेर यायला हवा. ट्वीटरवर हा प्रयोग करू नका.

आतला पांढरा कापूस जसा होता तसाच ठेवा, पोर्टच्या तोंडावर कोंबू नका. स्क्रू बसवताना आधी उलटा फिरवा, टुक् करून जुन्या आट्यात बसला की मग हातानं आवळा. ड्रिल मशीन नको. भोक सैल झालं असेल तर फेविकॉल लावलेली आगकाडी घालून रात्रभर वाळू द्या.

गॅस्केट नीट बसलं का, हे बघायला अगरबत्ती पुरते. स्पीकर चालू झाल्यावर पोर्टमध्ये फडकं घाला, ५० हर्ट्‌झचा सूर हळू आवाजात लावा आणि पॅनेलच्या कडेनं अगरबत्ती फिरवा. धूर जिथे थरथरेल, तिथे हवा गळतेय.

आणि पहिल्यांदा वीज देताना थेट भिंतीत पिन घालू नका, सिरीज बोर्डवर लावा, म्हणजे वीज आधी एका बल्बमधून जाऊन मग स्पीकरला मिळते. त्यात साठ किंवा शंभर वॅटचा जुना तारेचा बल्ब हवा, एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला किंवा विझला, तर बहुतेक ठीक आहे. लखलखीत पेटलेलाच राहिला, तर आत शॉर्ट आहे. लगेच पिन काढा, कपॅसिटर रिकामा झालाय का ते पुन्हा मोजा आणि फक्त मागचं पॅनेल बोर्डासकट सोडवून दुकानात न्या. डबा न्यायची गरज नाही, त्यांच्याकडे लावून बघायला वूफर असतात.