शटलला निरोप कसा द्यायचा

आधी स्पेस शटलचं, म्हणजे नासाच्या पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या अवकाशयानाचं, शेवटचं उतरणं पूर्ण बघा. २१ जुलै २०११, सूर्योदयाआधीचा काळोख, केनेडी स्पेस सेंटरची धावपट्टी, अटलांटिस नावाचं शटल. व्हिडिओ पुढे ढकलू नका, चाकं थांबेपर्यंत थांबा. मी दरवेळी थांबते आणि दरवेळी घसा दाटून येतो. येऊ द्यावा.

जमलं तर एखादं यान प्रत्यक्ष बघाच. अटलांटिस फ्लोरिडात आहे, पण मी व्हर्जिनियातलं डिस्कव्हरी सुचवेन, कारण ते चाकांवर उभं आहे. लांबून फोटो काढून निघू नका. पोटाखालच्या काळ्या टाइल्स निरखा. प्रत्येकीवर तिचा क्रमांक आहे, कारण प्रत्येकीची जागा ठरलेली. वातावरणात परत शिरताना बसलेल्या चटक्यांचे फिकट ओघळ अजून दिसतात. हे यान खरंच जाऊन आलंय, हे तिथे उभं राहिलं की अंगावर येतं.

१३५ मोहिमा आठवताना चॅलेंजर आणि कोलंबिया या शटलच्या अपघातांत गेलेले १४ जण वगळू नका. कल्पना चावलांचं नाव पाठ असतं. उरलेली १३ नावंही मोठ्याने वाचा.

कुणी म्हणेल, शटल महागडं होतं, धोक्याचं होतं. खरंच आहे. वाद घालू नका. म्हणून हळहळ कमी होत नाही.

आणि झेंड्याची गोष्ट पोराबाळांना सांगा. १९८१च्या पहिल्या उड्डाणात नेलेला छोटा अमेरिकी झेंडा अटलांटिसच्या त्या शेवटच्या मोहिमेतल्या चौघांनी अवकाश स्थानकात ठेवला होता, अमेरिकेतून उड्डाण करून येणाऱ्या पुढच्या अंतराळवीरांसाठी. २०२० मध्ये तो बॉब बेन्केन आणि डग हर्ली यांनी परत आणला. ठेवणाऱ्या चौघांतही हर्ली होतेच.