परदेशात नोकरीचा व्हिसा: देश नंतर ठरवा, आधी डिग्रीची तारीख बघा

डिग्री हातात आली की पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, कुठला देश सोपा पडेल? माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा. नुकतंच पास झालेल्यांसाठी जे बरे व्हिसा आहेत त्यातल्या बऱ्याच व्हिसांना मुदत लावलेली आहे, कुठे डिग्रीपासून ५ वर्षं, कुठे ३, कुठे २, कुठे तर फक्त १२ महिने, आणि वयाची अट वेगळीच. म्हणून आधी एका कागदावर डिग्रीची तारीख आणि जन्मतारीख लिहा आणि यातलं काय आधी बंद होतंय ते बघा, मग देश. आणि हो, निकालाची तारीख धरतात का सर्टिफिकेटवरची, हे त्या त्या व्हिसाच्या नियमात नीट वाचा, काही महिन्यांचा फरक पडतो त्यात.

आता जॉब ऑफर नसताना जाता येणारे व्हिसा. यात सध्या सगळ्यात जास्त चर्चा जर्मनीच्या चान्सनकार्टेची, म्हणजे अपॉर्च्युनिटी कार्डची. १ जून २०२४ पासून सुरू झालं, १ वर्षापर्यंत तिथे राहून नोकरी शोधायची, तोवर आठवड्याला २० तास पार्ट टाइम काम चालतं. लोक थेट पॉइंट्स (वय, भाषा, अनुभव वगैरेंचे गुण) मोजायला बसतात, पण त्याआधी अनाबिन नावाचा जर्मन सरकारी डेटाबेस उघडा. तिथे तुमच्या युनिव्हर्सिटीपुढे एच प्लस, म्हणजे मान्यता असल्याची खूण असेल आणि तुमची डिग्री जर्मन डिग्रीशी समकक्ष दाखवत असतील तर तुम्ही थेट स्किल्ड वर्करमध्ये बसता, पॉइंट्सची भानगडच नाही. डिग्री तिथे सापडली नाही तर झेडएबी नावाच्या संस्थेकडून समकक्षतेचं पत्र मागवता येतं, पैसे जातात पण काम होतं. फक्त डॉक्टर, नर्स वगैरे असाल तर तिथलं लायसन्सचं प्रकरण वेगळं आहे.

ते नाही जमलं तर पॉइंट्स, ६ लागतात. समजा २४ वर्षांची मुलगी आहे, इंजिनिअरिंग झालंय, अनुभव शून्य. वय ३५ च्या आत म्हणून २, टंचाई असलेल्या क्षेत्रातली डिग्री म्हणून १, इंग्रजी सी१ आहे म्हणून १ (भाषेच्या पातळ्या ए१ पासून सी२ पर्यंत चढत जातात), झाले ४. उरलेले २ कुठून आणायचे? जर्मन बी१ केली की २ मिळतात, ए२ ला १ च मिळतो, आणि ए१ ला पॉइंट नाही, ती (किंवा बी२ इंग्रजी) नुसती आत यायची किमान अट आहे. म्हणजे जिला अनुभव नाही तिच्यासाठी सगळा हिशोब बी१ वर येऊन थांबतो, आणि बी१ काही दोन महिन्यांत होत नाही. वर पैसे दाखवायचे ते वेगळेच, २०२५ मध्ये महिन्याला १,०९१ युरो, वर्षाचे १३,०९२ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे ज्यातून महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात.

मला विचाराल तर कार्ड मिळालं म्हणजे नोकरी मिळाली असं समजून निघू नका, आयटी सोडलं तर बऱ्याच कंपन्यांत कामकाज जर्मनमध्येच चालतं. घरी बसूनच अर्ज टाकत राहा, कारण काँट्रॅक्ट आधीच हातात आलं तर कार्डाची गरजच नाही, सरळ ईयू ब्लू कार्ड, म्हणजे डिग्रीवाल्यांचा नोकरीचा परवाना. त्यासाठी २०२५ मध्ये पगाराची अट ४८,३०० युरो होती, पण डिग्री मिळून ३ वर्षं झाली नसतील तर सुमारे ४३,७६० युरोवर भागायचं. दरवर्षी आकडा वाढतो, तेवढं लक्षात ठेवा.

दुसरा गट नामांकित युनिव्हर्सिटीवाल्यांचा. ब्रिटनचा हाय पोटेन्शियल इंडिव्हिज्युअल व्हिसा, डिग्री मिळून ५ वर्षांच्या आत अर्ज करायचा, २ वर्षं मिळतात, पीएचडीला ३. यात एक गंमत अशी की चालणाऱ्या युनिव्हर्सिटींची यादी दरवर्षाची वेगळी असते आणि तुमची डिग्री ज्या वर्षी झाली त्या वर्षीच्याच यादीत युनिव्हर्सिटीचं नाव लागतं, आज यादीत आहे म्हणून उपयोग नाही. हा व्हिसा वाढवून मिळत नाही, तिथे जाऊन दुसऱ्या व्हिसावर उडी मारावी लागते. शिवाय हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे पैसे, वर्षाला १,०३५ पाउंड, तोही दोन्ही वर्षांचा आधीच भरायचा, लोक फीच बघतात आणि मग हा आकडा बघून हबकतात.

जपानचा जे-फाइंड असाच, जागतिक टॉप १०० मधली युनिव्हर्सिटी, ५ वर्षांची मुदत, २ वर्षांपर्यंत राहता येतं. नेदरलँड्सचं ओरिएंटेशन इयर १ वर्षाचं, कुठलंही काम करायची मुभा, टॉप २०० मधली युनिव्हर्सिटीही चालते पण डच नसलेल्या डिग्रीत मास्टर्स किंवा पीएचडीच हवी आणि मुदत ३ वर्षांची. हाँगकाँगच्या टॉप टॅलेंट पासमध्ये अनुभव ३ वर्षांपेक्षा कमी असला तरी चालतं, मात्र त्या गटाला वर्षाचा १०,००० चा कोटा आहे. यातल्या कुठल्याच यादीत तुमची युनिव्हर्सिटी नसेल तर नाराज होऊन बसू नका, पुढे चला.

काही व्हिसा डिग्रीपेक्षा पासपोर्टवर चालतात. दोन देशांनी तरुणांसाठी करार केलेला असतो, तुमच्या देशाचा नसेल तर विषय संपला. भारतीय पासपोर्टवर ब्रिटनची यंग प्रोफेशनल्स स्कीम आहे, १८ ते ३० वय, डिग्री, खात्यात २,५३० पाउंड, आणि नंबर लागतो बॅलटमध्ये, म्हणजे सोडतीत. बॅलट फुकट आहे, त्यामुळे त्यात नाव घालायचे कोणी पैसे मागितले तर तिथूनच राम राम. ऑस्ट्रेलियाची मेट्स स्कीम पण अशीच लॉटरीवाली, वय ३० पर्यंत, ठरावीक विषय, ठरावीक संस्था, आणि पास होऊन २ वर्षांच्या आत. ही खिडकी पटकन बंद होते आणि बहुतेकांना ती बंद झाल्यावरच कळते.

ऑफर घेऊन जायचा रस्ता सगळ्यांनाच माहितीय, त्यामुळे थोडक्यात. ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसाला जुलै २०२५ पासून पगार किमान ४१,७०० पाउंड, पण २६ च्या आतल्यांना न्यू एंट्रंट म्हणून ३३,४०० वर जमू शकतं, अर्थात त्या कामाचा ठरलेला दर जास्त असेल तर त्याच्या ७० टक्के तरी लागतात. स्पॉन्सर, म्हणजे परदेशी माणूस घ्यायची परवानगी असलेल्या कंपन्यांची यादी सरकारी साइटवर उघड आहे, ऑफर आली की कंपनीचं नाव आधी तिथे शोधा, स्पेलिंगसकट. अमेरिकेत एच-वन-बी ला वर्षाला ८५,००० ची मर्यादा, वर लॉटरी, आणि सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने बाहेरून येणाऱ्या नवीन अर्जांवर १ लाख डॉलरचा बोजा टाकला, त्यामुळे फ्रेशरसाठी तो रस्ता धरून चालू नका. त्यापेक्षा जे-वन हा शिकाऊ कामाचा व्हिसा बघा, इंटर्न म्हणून डिग्रीनंतर १२ महिन्यांच्या आत, नाहीतर १ वर्षाचा अनुभव घेऊन ट्रेनी म्हणून. यात काहींना नंतर २ वर्षं मायदेशी राहायची अट लागते, सही करायच्या आधी विचारून घ्या.

आणि शिकायला जाऊन मग नोकरी. महाग पण खात्रीचा असं म्हणतात, खात्रीचा कसला, काळ मोजून दिलेला असतो. अमेरिकेत ओपीटी, म्हणजे शिकून झाल्यावर काम करायची परवानगी, १२ महिने, स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) विषयाला आणखी २४. जर्मनीत १८ महिने, कॅनडात जास्तीत जास्त ३ वर्षं. ब्रिटनमध्ये ग्रॅज्युएट व्हिसा २ वर्षांचा होता पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिनेच, पीएचडीला ३ वर्षं तशीच. म्हणजे सप्टेंबर २०२६ ला एक वर्षाचं मास्टर्स सुरू करणाऱ्याला १८ महिनेच मिळणार, कर्ज काढायच्या आधी हप्ते याच हिशोबाने मांडून बघा.

कागदपत्रांचं म्हणाल तर पासपोर्ट, मार्कशीट, डिग्री सगळीकडे नाव सारखं आहे का ते आजच तपासा, दुरुस्तीला महिने जातात. इंग्रजीची परीक्षा फार आधी देऊन ठेवू नका, आयईएल्ट्सचा स्कोअर साधारण २ वर्षंच धरतात, आणि ब्रिटनच्या व्हिसाला साधी नाही, यूकेव्हीआयवाली (ब्रिटनच्या व्हिसा खात्याने मान्य केलेली) आयईएल्ट्स लागते. तिथेच बँकेतली रक्कम सलग २८ दिवस दिसावी लागते, मधे एक दिवस जरी बॅलन्स खाली गेला तरी अर्ज उडू शकतो, म्हणून त्या खात्यावरचे ऑटो पेमेंट बंद करून ठेवा. आणि आधी कुठे व्हिसा नाकारला गेला असेल तर फॉर्मवर तसं लिहा. नकार आलेला असला तरी पुढचा व्हिसा मिळतो, पण लपवलेलं सापडलं तर ब्रिटनमध्ये १० वर्षांची बंदी लागू शकते.