रीफ टँकमधलं नकोसं शेवाळ: आधी ओळखा, मग उपटा, मग उपाशी ठेवा

माझ्या 200 लिटरच्या रीफ टँकला, म्हणजे कोरल ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाला, चौथा महिना लागला तेव्हा दगडांवर बोटभर लांबीचे हिरवे केस डुलत होते. टेस्ट किट मात्र नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य दाखवत होतं. मी फॉस्फेट शोषणारं औषध दुप्पट टाकलं. आठवड्याभरात कोरलच्या नात्यातल्या झोआन्थिडनी तोंडं मिटली, लेदर कोरल मलूल झालं आणि केस होते तसेच राहिले. कारण साधं होतं: पाण्यात येणारं पोषण मोजायच्या आधीच शेवाळ ते गिळत होतं. दगड हिरवे असताना किटवर शून्य आलं, तर पोषण संपलेलं नसतं, ते शेवाळाच्या पोटात असतं. कोरलच्या वाट्याला जे थोडं उरलं होतं, तेवढंच मी काढून घेतलं. त्यानंतर बसवलेली पद्धत सांगतो.

ते नेमकं काय आहे ते ओळखा

शेवाळ हा एकच शब्द आपण पाच-सहा वेगळ्या जीवांना वापरतो, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला खत ठरू शकतो. पांढऱ्या वाटीत टँकचंच पाणी घ्या, चिमूटभर नमुना सोडा आणि भिंगातून बघा.

काचेवर बोटाने पुसली जाणारी तपकिरी पूड म्हणजे डायटम. नव्या टँकमध्ये ती येतेच आणि पाण्यातलं सिलिकेट संपलं की जाते. काच पुसा आणि धीर धरा.

लालसर-जांभळी बुळबुळीत चादर, जी सालीसारखी अखंड निघते, ती सायनोबॅक्टेरिया. हे शेवाळ नव्हेच, जिवाणू आहेत. प्रवाह मंद असतो आणि कचरा साचतो तिथे ते पसरतात. चादर सायफनने ओढून घ्या आणि पॉवरहेडचं (पाणी ढवळणाऱ्या पंपाचं) तोंड त्या कोपऱ्याकडे वळवा. यावरची काही औषधं म्हणजे अँटिबायोटिक असतात. टँक ज्या जिवाणूंच्या जिवावर चालतो त्यांनाही ती सोडत नाहीत, म्हणून मी त्यांच्या वाटेला जात नाही.

हिरवे केस साधे, सुतासारखे असतील तर ते नेहमीचं हेअर अल्गी. प्रत्येक काडीला दोन्ही बाजूंनी पिसासारखे फाटे असतील तर ब्रायोप्सिस, आणि हा चिवट असतो. चकचकीत हिरवे मणी म्हणजे व्हॅलोनिया.

तपकिरी, शेंबडासारखे धागे, त्यांत अडकलेले बुडबुडे, दिवे बंद झाल्यावर बरेचसे गायब आणि दुपारपर्यंत पुन्हा हजर, असं असेल तर सावध व्हा. ते डायनोफ्लॅजेलेट असू शकतात. नमुना बाटलीत घालून जोरात हलवा, टिश्यूपेपरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर दिव्याखाली ठेवा. पाण्यात पुन्हा धागे जमले तर शंका खरी. यांच्यासाठी खालचे बरेच उपाय उलटे ठरतात. बहुतेकदा हे जीव नायट्रेट-फॉस्फेट शून्याला टेकलेल्या टँकमध्येच माजतात, म्हणून पाणी बदलणं थांबवायचं, खाद्य थोडं वाढवायचं आणि दोन्ही आकडे मोजण्याइतके वर आणायचे. रात्री पाण्यात तरंगणाऱ्या जातींवर यूव्ही दिवा चांगला चालतो.

गुलाबी-जांभळा, दगडासारखा कडक थर मात्र कोरलाइन शेवाळाचा. त्याला हात लावू नका, तो जागा अडवतो म्हणून बाकीच्यांना ती मिळत नाही.

आकडे लिहून ठेवा, मग नळाकडे बघा

नायट्रेट 2 ते 10 पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम या पट्ट्यात मी टँक ठेवतो. शून्याचा हट्ट नको, कोरलच्या ऊतींत राहणाऱ्या झूझॅन्थेली या सूक्ष्म शैवालालाही नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो. क्षारता 35 पीपीटी (हजार भागांत 35), आणि अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणाऱ्या कार्बोनेटचं प्रमाण) 8 ते 9 डीकेएच या एककात स्थिर.

आता पाण्याचा उगम. आपल्या घरच्या पिण्याच्या आरओमध्ये बहुधा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो. तो चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. ते पाणी माणसाला चांगलं, टँकला नाही. टँकसाठी आरओनंतर डीआय रेझिन (उरलेले क्षारही शोषणारे दाणे) लागतं आणि टीडीएस मीटरवर 0 दिसायला हवा. हिशेब करून बघा. एप्रिल-मेमध्ये पंखा लावलेल्या टँकमधून रोज 3 लिटर पाणी उडालं तर महिन्याला 90 लिटर भरावं लागतं. भरायच्या पाण्यात 10 पीपीएम नायट्रेट असेल, तर 900 मिलिग्रॅम नायट्रेट आत गेलं आणि वाफेबरोबर काहीच बाहेर पडलं नाही. 200 लिटरमध्ये ही महिन्याला 4.5 पीपीएमची भर झाली, माशांना एक दाणाही न घालता. बोअरच्या पाण्यात तर नायट्रेट याहून बरंच जास्त असू शकतं.

हाताने उपटा

हे काम कंटाळवाणं आहे म्हणून लोक टाळतात, पण सर्वांत जास्त फरक यानेच पडतो. उपटलेल्या प्रत्येक मुठीबरोबर त्यात साठलेलं नायट्रोजन-फॉस्फरस टँकबाहेर जातं. तेच शेवाळ आत सडू दिलं तर सगळं पाण्यात परत येतं.

पाणी बदलायच्या दिवशी बादलीभर टँकचंच पाणी काढा. सुटा होणारा दगड बादलीत घ्या, केस मुळापासून चिमटीत धरून ओढा, उरलेले जुन्या दातांच्या ब्रशने घासा, दुसऱ्या बादलीत खळबळून दगड परत ठेवा. जे दगड हलत नाहीत त्यांच्यावर काम करताना पॉवरहेड बंद ठेवा आणि सायफनची नळी बोटांजवळच धरा, म्हणजे तुटलेले तुकडे उडून दुसरीकडे रुजणार नाहीत. व्हॅलोनियाचे मणी न फोडता नखाने अख्खे सुटे करा. एका दिवसात सगळा टँक उघडू नका, दर आठवड्याला एक भाग पुरे. पाच-सहा आठवडे लागतील असं धरून चला.

रबरी हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय हे करू नका. काही झोआन्थिड आणि पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. ते असलेला दगड कधीही उकळू नका, त्यावर गरम पाणीही ओतू नका. ती वाफ श्वासात जाऊन माणसं रुग्णालयात पोचली आहेत.

निघालेलं शेवाळ गटारात, नाल्यात किंवा खाडीत टाकू नका. कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे मत्स्यालयातलं शेवाळ 1984 मध्ये मोनॅकोजवळच्या समुद्रात सापडलं आणि पुढे भूमध्य समुद्रात दूरवर पसरलं. 2000 मध्ये ते कॅलिफोर्नियाच्या एका खाडीत सापडलं, तेव्हा ते संपवायला सहा वर्षं गेली. उन्हात कडकडीत वाळवा आणि ओल्या कचऱ्यात द्या.

चरणारे प्राणी आणा, पण उपटून झाल्यावर

1983-84 मध्ये कॅरिबियन समुद्रात डायाडेमा हे लांब काट्यांचे सी-अर्चिन रोगाने जवळजवळ नाहीसे झाले. जमैकाच्या रीफवर शेवाळ खाणारे मासे आधीच मासेमारीने कमी झाले होते. पुढच्या दहा वर्षांत तिथे कोरलच्या जागी शेवाळ पसरलं. चरणारे गेले की काय होतं ते यातून कळतं. आपल्या काचेच्या पेटीत तर हे प्राणी आपण आणल्याशिवाय येणारच नाहीत.

गोगलगायी बोटभर लांब केसांना तोंड लावत नाहीत, त्यांना खुरटलेलं कोवळं शेवाळ लागतं. म्हणूनच आधी उपटायचं. 200 लिटरला तीन-चार टर्बो किंवा ट्रोकस आणि दहा-बारा सेरिथ पुरतात. टक्सिडो अर्चिन उत्तम काम करतो, फक्त सुटी कोरल्स घट्ट चिकटवून ठेवा. व्हॅलोनियासाठी एमराल्ड खेकडा आहे. टँग मासे शेवाळ छान चरतात, पण चार फुटांपेक्षा लहान टँकमध्ये टँग कोंडणं हा त्या माशावर अन्याय आहे. सी-हेअर (एक समुद्री गोगलगाय) हेअर अल्गी भराभर संपवतो आणि मग उपाशी मरतो, म्हणून तो आणण्याआधीच पुढे कोणाला द्यायचा ते ठरवून ठेवा.

आणि कोकणात गेलात तर खडकांवरून दगड, कोरल किंवा शंख उचलून आणू नका. दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याखाली 2001 पासून पहिल्या परिशिष्टाचं संरक्षण आहे. मालवणचा समुद्र तर 1987 पासून अभयारण्य आहे.

आत जाणारं कमी, बाहेर जाणारं जास्त

फ्रोझन खाद्य वितळवून गाळलं तर थोडा फरक पडतो, पण फॉस्फेट मुख्यतः खाद्यातच असतं. खरा उपाय म्हणजे दोन मिनिटांत संपेल इतकंच घालणं. फिल्टर सॉक तीन दिवसांनी बदला. स्किमरची (फेस करून पाण्यातला कचरा काढणाऱ्या यंत्राची) मान दर आठवड्याला पुसा, चिकट मानेत फेस वर चढत नाही. सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या पेटीत) जागा असेल तर कीटोमॉर्फा या तंतुमय शेवाळाचा गोळा ठेवा आणि त्याचा दिवा रात्री लावा. मुख्य दिवे बंद असताना पीएच घसरतो तो त्याने सावरतो, आणि दर महिन्याला अर्धा गोळा तोडला की पोषणही बाहेर जातं.

मुख्य दिवे आठ तासांवर आणा, पांढरा आणि लाल प्रकाश कमी करून निळा ठेवा. तीन दिवस पूर्ण अंधाराचा उपाय सायनोवर चालतो, पण मूळ कारण तसंच राहिलं तर तो परत येतो. अंधारात ऑक्सिजन घटतो, तेव्हा पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवा.

रसायनं शेवटी

फॉस्फेट खरोखर जास्त असेल तर जीएफओ (फॉस्फेट शोषणारे आयर्न ऑक्साइडचे दाणे) वापरा, सांगितलेल्या मात्रेच्या निम्म्याने सुरू करा आणि दर दोन-तीन दिवसांनी मोजा. दगडांत मुरलेलं फॉस्फेट झिरपत राहतं, त्यामुळे आकडा खाली येऊन पुन्हा चढला तरी घाबरून मात्रा वाढवू नका.

हट्टी पुंजक्यासाठी दगड बाहेर काढून 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ब्रशने लावा, दोन-तीन मिनिटांनी टँकच्या पाण्यात धुऊन परत ठेवा. आपल्याकडे औषधाच्या दुकानात बहुतेकदा 6 टक्क्यांचं मिळतं, त्यात तितकंच आरओ पाणी घाला. कोळंबीला ते सोसत नाही, म्हणून थेट टँकमध्ये ओतू नका. ब्रायोप्सिस कशालाच दाद देत नसेल तर हौशी मंडळी फ्लुकोनॅझोल वापरतात: लिटरला सुमारे 5 मिलिग्रॅम, फिल्टरमधला कार्बन काढून आणि स्किमर बंद ठेवून साधारण दोन आठवडे, मग मोठा पाणीबदल. मेलेलं शेवाळ त्या काळात सायफनने काढत राहा, नाहीतर नायट्रेट एकदम चढतं.

सहाव्या आठवड्याच्या सुमारास मागच्या काचेवर गुलाबी ठिपके दिसू लागले की दिवे दर आठवड्याला अर्ध्या तासाने वाढवा. मागची ती काच मात्र आता खरवडू नका.