बेडूक दिसला नाही, तेही लिहा

पहिल्या पावसाळ्यात मी आंबोलीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, अकरा रात्री फिरलो आणि वहीत सातच लिहिल्या. उरलेल्या चार रात्री एकही बेडूक दिसला नाही, मग लिहायचं काय? दिवाळीआधी बाईंनी वही चाळली. "मधे गेलाच नव्हतास, की गेलास आणि दिसले नाहीत?" मला तारखाही धड सांगता येईनात.

उभयचरांवर काम करू पाहणाऱ्या मुलामुलींना मी सगळ्यात आधी हे सांगतो. बेडूक घटले असं म्हणायचं, तर पूर्वी किती होते ते कुणीतरी लिहून ठेवलेलं असावं लागतं. जगातल्या उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात आहेत, असं २०२३ च्या आढाव्यात दिसलं. आणि आंबोलीच्या भेकाचं (भेक म्हणजे खरबरीत कातडीचा बेडूक), झँथोफ्रायन टायग्रिनाचं, शास्त्रीय वर्णनच मुळी २००९ सालचं. त्याआधी सड्यावर तो किती होता, कुणाला विचारणार? तुमची आजची वही हीच उद्याची जुनी नोंद.

हा भेक पहिल्या पावसानंतर कातळावरच्या उथळ डबक्यांत एकदम जमतो. बॅटरीच्या उजेडात बोटभर पाण्यात नर ओरडत बसलेले असतात, पाऊल टाकायला भीती वाटते. काही दिवसांनी जा, तोच कातळ सुनासुना. म्हणजे एका फेरीवरून 'भरपूर आहेत' म्हणणं जितकं चूक, तितकंच 'संपले' म्हणणंही. म्हणून एकच पट्टा ठरवा, दर वेळी तेवढाच वेळ चाला. सुरू केल्याची वेळ, पाऊस, तापमान, सोबत किती जण, सगळं पेन्सिलीने लिहा. पेनाची शाई पावसात पसरते. आवाज ओळखायला शिका, कॅमेरा नंतर.

हात लावायचा तर वनविभागाची परवानगी आधी. प्रत्येक बेडकाला नवा हातमोजा, आणि एका जागेवरून दुसरीकडे जाताना बूट घासून, निर्जंतुक करून, वाळवून. कायट्रिड बुरशी बेडकाच्या कातडीवर हल्ला करते, आणि बेडूक पाणी घेतो तो कातडीतूनच. पश्चिम घाटातही ही बुरशी सापडली आहे. ती आपल्या बुटांवरून पसरू नये, इतकं तर आपल्या हातात आहे. यात मी कुणालाही सूट देत नाही.

त्या चार रात्री माझ्या तक्त्यात अजून कोऱ्या आहेत. अंदाजाने शून्य भरणं सोपं होतं. भरलं नाही.