एच-१बीवर असताना स्वतःची कंपनी काढायची आहे?

जळगाव, धुळे, शिरपूरकडून इंजिनिअर होऊन इकडे अमेरिकेत एमएसला आलेली पोरं नोकरी लागली की वर्षभरात एकच विचारतात, "दादा, आता स्वतःचं कधी सुरू करू?" व्हिसाची लॉटरी, ओपीटी (शिक्षणानंतर मिळणारी कामाची परवानगी), व्हिसाचे शिक्के हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असतं, ते सोडतो. एकच गोष्ट नीट सांगतो, कारण तिच्यापायी माझी काही वर्षं गेली.

एच-१बी म्हणजे नोकरीचा व्हिसा. तो तुमच्या मालकाने काढलेला असतो आणि परवानगी फक्त त्याच्याकडे काम करण्याची असते. तुम्ही दुसऱ्या कंपनीचे शेअर घेऊ शकता, अगदी संस्थापक म्हणून निम्मेही. काम मात्र करू शकत नाही. शेत तुमच्या नावावर चालेल, पण बटाईने द्यायचं. स्वतः औत धरायचं नाही. "मी पगारच घेत नाही ना!" हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता कान किटले. पगार न घेतल्याने काम हे काम राहत नाही असं नाही. रात्री कोड लिहिणं, गिऱ्हाईकाला डेमो देणं, माणसं नेमणं, सगळं कामच. शनिवार-रविवारही त्यात आलाच. हे पुढे ग्रीन कार्डच्या अर्जात निघालं तर उत्तर द्यायला तुम्ही एकटे असता.

माझा धंद्यातला जोडीदार अमेरिकन नागरिक, कल्पना दोघांची. पैसे देणारा तयार होता, त्याचा प्रश्न साधा: "तू पूर्णवेळ कधी येतोस?" वकिलाने हात वर करायला लावले. जोडीदार रोज ऑफिसात, मी नावापुरता. कंपनी चालली, पण नंतर पैसे येत गेले तसा माझा हिस्सा घटत गेला, आणि पहिल्या गिऱ्हाईकांशी झालेल्या एकाही बैठकीत मी नव्हतो. रावेरला घरी फोन केला की वडील विचारायचे, "कंपनीनं काय चालू शे?" काय सांगणार!

"बिनधास्त कर, कोण बघतं," असं सांगणारे मेंटॉर बहुतेक स्वतः अमेरिकन पासपोर्टवाले असतात. त्यांचं तंत्रज्ञानाबद्दल जरूर ऐका, व्हिसाबद्दल नाही. वकीलही स्वतःचा घ्या. कंपनीचा वकील कंपनीचाच असतो.

तरी घाबरून बसू नका, वाटा आहेत. ओपीटीच्या पहिल्या १२ महिन्यांत आपल्या विषयातला धंदा स्वतः काढता येतो. स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) वाढीव २४ महिन्यांत मात्र खरा मालक-नोकर संबंध दाखवावा लागतो. म्हणजे ज्याला काढायचीच आहे त्याने ते पहिलं वर्ष वाया घालवू नये. जानेवारी २०२५ पासूनच्या नियमांत बहुमताचा हिस्सा असलेल्या मालकालाही स्वतःच्या कंपनीतर्फे एच-१बी मिळू शकतो, पण पहिली मंजुरी आणि पहिली मुदतवाढ १८-१८ महिन्यांचीच. तुमचा आय-१४० (ग्रीन कार्डसाठी मालकाने केलेला अर्ज) मंजूर असेल तर एच-४ वरच्या, म्हणजे तुमच्या व्हिसामुळे इथे आलेल्या बायकोला कामाचा परवाना मागता येतो आणि त्यावर कंपनीही काढता येते. ती तिने चालवायची, हं. तिचं नाव पुढे करून तुम्ही मागून चालवणार असाल तर वर लिहिलेलं पुन्हा वाचा.

आणि थांबणं म्हणजे संपणं नव्हे. ज्योती बन्सल ग्रीन कार्डच्या रांगेत सात वर्षं अडकले, कामाचा परवाना हाती आल्यावर २००८ मध्ये ॲपडायनॅमिक्स काढली, आणि २०१७ मध्ये सिस्कोने ती ३.७ अब्ज डॉलरला घेतली. सगळ्यांचं असं होत नाही, माझं झालं नाही.

कंपनी काढलीच तर ८३-बी, म्हणजे शेअरवरचा कर आत्ताच धरा असं कर खात्याला कळवणं. संस्थापकाचे शेअर टप्प्याटप्प्याने पक्के होणार असतील तर शेअर मिळाल्यापासून ३० दिवसांत ही नोंद आयआरएसकडे (अमेरिकेचं कर खातं) गेली पाहिजे. मुदत चुकवून चालत नाही. रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा, पावती जपा.

माझं पुढे सांगायचं तर आमची छोटी कंपनी एका मोठ्या कंपनीने घेतली, आणि तोवर ग्रीन कार्ड आल्याने मी तिथे व्हाइस प्रेसिडेंट झालो. पदाबद्दल घरी फार कौतुक. प्रत्यक्षात दिवस माणसं नेमण्यात, बजेटवर भांडण्यात जातो, आणि कधीकधी कुणाला कमी करण्यातही. कमी केलेला माणूस एच-१बीवर असेल तर त्याला नवा मालक शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस असतात, हे मला समोर बसून सांगावं लागतं. ते अजून सोपं झालेलं नाही.

म्हणून ऑफर हातात आली की पगाराची घासाघीस नंतर, आधी विचारा: ग्रीन कार्डची पर्म (मालकाने करायची पहिली पायरी) कधी सुरू करता? ते ईमेलवर लेखी घ्या. आणि आय-१४० मंजूर झाल्याची प्रत स्वतःच्या खासगी ईमेलमध्ये ठेवा, कंपनीच्या लॅपटॉपवर नाही.