कुत्र्याला नुसती धाप लागलीय की श्वास लागलाय? ओळखायचं कसं, करायचं काय

"दमलाय तो. पाणी दाखवा, पंख्याखाली बसवा, होईल ठीक." हा सल्ला नाशकातल्या कुठल्याही मैदानावर फुकट मिळतो. बहुतेक वेळा तो बरोबरही निघतो आणि तिथेच घात होतो, कारण ज्या दिवशी तो चुकतो त्या दिवशी हातात फार वेळ नसतो.

धाप टाकणं हा कुत्र्याचा अंग गार करायचा मार्ग आहे. आपल्यासारखा घाम त्याला येत नाही. तोंड उघडं, जीभ बाहेर, श्वास भरभर आणि उथळ. पण शेपटी हलतेय, बिस्कीट दाखवलं की क्षणभर तोंड मिटतं आणि सावलीत बसवल्यावर थोड्या वेळात सगळं शांत होतं. ही झाली धाप.

श्वास लागलेला कुत्रा वेगळा दिसतो. मान पुढे ताणलेली, पुढच्या पायांची कोपरं छातीपासून फाकलेली, पोट भात्यासारखं आतबाहेर. आडवा होत नाही. झोपवलात तर लगेच उठून बसतो. बिस्किटाकडे ढुंकूनही बघत नाही. श्वास आत घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल तर अडचण बहुधा घशात किंवा श्वासनळीत. आवाज काहीच नाही, नुसता भरभर तोकडा श्वास, तर छातीत पाणी साठलेलं असू शकतं. आवाज नाही म्हणून निर्धास्त राहणारी माणसं मला सर्वांत जास्त भेटतात.

हिरड्या बघाच. निरोगी हिरडी गुलाबी असते. निळसर किंवा करडी दिसली तर प्राणवायू कमी पडतोय. पांढरीफटक असेल तर रक्त कमी झालेलं असू शकतं, आणि आपल्याकडे त्यामागे अनेकदा गोचीड ताप निघतो. गावठी कुत्र्यांच्या हिरड्या पुष्कळदा मुळातच काळ्या असतात. तिथे जीभ बघा, नाहीतर खालची पापणी ओढून आतला रंग बघा. मात्र हिरड्या गुलाबी आहेत म्हणून घरी थांबू नका. निळेपणा फार उशिरा येतो.

आता मोजणी. सगळ्यांना ही सोपी वाटते आणि जवळपास सगळे ती चुकीची करतात. मलाही बरेच दिवस जमत नव्हती. श्वास मोजायचा तो कुत्रा गाढ झोपलेला असताना. फिरून आल्यावर नाही, धापा टाकत असताना तर नाहीच. झोपेत पाय झटकत असेल, बारीक भुंकत असेल तर तो स्वप्नात आहे. तेव्हाचा आकडा कामाचा नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा दुपारी मोजू नका, पहाटे मोजा. छाती वर गेली आणि खाली आली, मिळून एक श्वास. वरचा एक, खालचा एक असं धरून आकडा दुप्पट करणारे आणि घाबरून रात्री डॉक्टरांना उठवणारे लोक आहेत. तीस सेकंद मोजा, दोनने गुणा.

पोमेरेनियन किंवा गोल्डनसारख्या केसाळ कुत्र्याची छाती दिसतच नाही. तिथे छातीचा नाद सोडा. शेवटच्या बरगडीमागची, कमरेजवळची खोलगट जागा बघा; तिथली हालचाल दाट केसांतूनही कळते. हात लावू नका. हात लागला की तो जागा होतो, हुंगतो आणि आकडा गेला. त्यापेक्षा मोबाइलवर मिनिटभर चित्रीकरण करा आणि नंतर निवांत मोजा. तेच डॉक्टरांनाही दाखवता येतं.

झोपेतला आकडा साधारणपणे मिनिटाला तीसच्या आत असतो. पण या तिशीवर विसंबून राहू नका, आपल्या कुत्र्याचा नेहमीचा आकडा ओळखा. कालनिर्णयवर त्या दिवसाच्या चौकोनात लिहून ठेवा. नेहमी अठरा असणारा कुत्रा सलग काही रात्री अठ्ठावीसवर असेल, तर तीसच्या आत असूनही फोन करा. लहान जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत हृदयाची झडप गळू लागते, तेव्हा बाकी काही दिसायच्या आधी हा आकडा चढू शकतो. सतत तीसच्या वर असेल तर त्याच दिवशी दवाखाना. चाळीसच्या वर आणि पोटाने श्वास ओढतोय, तर मोजत बसू नका, निघा.

निघताना गळपट्टा काढा. त्याला हवं तसं बसू द्या. बळेच कुशीवर झोपवू नका, छाती आवळून उचलू नका, तोंडाला जाळी नको. पाणी, दूध, हळद-मध काहीही तोंडात ओतायचं नाही. माणसांचं औषध तर मुळीच नाही. पॅरासिटामॉलने कुत्र्याचं रक्त प्राणवायू वाहून न्यायलाच निकामी होऊ शकतं. दुचाकीवर दोघांच्या मध्ये दाबून नेण्याची आपल्याकडची रीत इथे नको, रिक्षा किंवा गाडी करा. आधी दवाखान्यात फोन करून एकच विचारा, ऑक्सिजन आहे का? नाही म्हणाले तर दुसरीकडे जा. द्वारका चौकातल्या गर्दीत अडकून हे विचारण्यात अर्थ नाही, म्हणून रात्री उघडा असणारा दवाखाना आजच शोधून ठेवा.

उन्हाचा झटका असेल तर आधी गार करा, मग निघा: साधं नळाचं पाणी अंगभर ओता, पंखा लावा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तो आतली उष्णता कोंडतो. पग, शिह त्झू, बुलडॉग असल्या चपट्या नाकाच्यांना हा झटका घरातही येतो.

घशात काही अडकलं असेल तर दिसलं तरच काढा. न बघता बोट घातलंत तर ते आणखी आत जातं.

दिंडोरी, निफाडकडे बागेवर कुत्रा असेल आणि फवारणीनंतर लाळ, थरथर व श्वास लागणं एकत्र दिसलं, तर औषधाच्या डब्याचा फोटो काढून सोबत न्या.

मध्येच मान ताणून नाकातून फर्र-फर्र हवा ओढतो आणि मिनिटभरात काही झालंच नाही असा चालू लागतो, तर ती उलटी शिंक. क्वचित येत असेल तर सोडून द्या.

हृदयामुळे छातीत पाणी झालं असेल तर डॉक्टर बहुधा लघवी वाढवणारं औषध देतील. तो घरात लघवी करतो म्हणून पाण्याचं भांडं उचलून ठेवू नका. त्याने किडनीवर ताण येतो. फरशी पुसा आणि रात्रीची मोजणी चालू ठेवा.