आई-बाबा पुण्याहून न्यू जर्सीला निघतायत? आधी तास मोजा

तिकिटावर रात्री 2 ला मुंबई सोडणार आणि सकाळी साडेआठला नेवार्कला पोचणार असं दिसलं की घरचे म्हणतात, साडेसहा तास तर आहेत! पण दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. उन्हाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा, म्हणजे थेट विमानाला साधारण 16 तास लागतात, अंतरच साडेबारा हजार किलोमीटर आहे. येताना वारं पाठीमागून असतं त्यामुळे तास-दीड तास वाचतो, पण तारीख एक दिवस पुढे गेलेली असते, घ्यायला येणाऱ्याला ते आधीच सांगून ठेवा.

सगळ्यात आधी तारीख नीट बघा. 15 तारखेला रात्री 2 चं विमान म्हणजे 14 ला संध्याकाळीच घर सोडायचं, ही चूक खूप जणांची होते. तीन तास आधी एअरपोर्टवर पाहिजे आणि एक्सप्रेसवेवर काय अडकेल सांगता येत नाही, त्यामुळे पुण्याहून सहाला निघालेलं बरं. मग घर ते घर धरलं तर 26 तास होतात, 16 नाही, आणि सत्तरीतल्या माणसाची तयारी या 26 तासांची हवी.

औषधांचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सगळी औषधं चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत, इन्सुलिन तर खाली सामानात टाकूच नका, गोठून खराब होऊ शकतं. बाबांची सकाळी 8 ची बीपीची गोळी तिकडच्या घड्याळात आदल्या रात्री साडेदहाला येते, मग ती कधी आणि कशी सरकवायची हे निघायच्या आठवडाभर आधी डॉक्टरांनाच विचारा, विमानात बसून अंदाजाने ठरवू नका. इतका वेळ बसून पायात रक्ताची गुठळी व्हायची भीती असते, म्हणून दर दीड-दोन तासांनी उठून फेरी मारायची, पाणी पीत राहायचं, टॉयलेटला जावं लागेल म्हणून आई पाणी टाळते तसं करू नका, त्यापेक्षा कडेची सीट घ्या. व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच सांगा, गुडघे धड असले तरी सांगा, इमिग्रेशनच्या लांब रांगेत उभं राहणं वाचतं.

पॉवर बँक जवळच ठेवायची. लोणचं घट्ट बांधून मोठ्या बॅगेत, ताजी फळं अजिबात नाही, सुकं खोबरंही नको कारण तेलामुळे ते पेट घेऊ शकतं म्हणून चेक-इन सामानात चालत नाही. जे खायचं नेताय ते तिकडच्या फॉर्मवर किंवा विचारल्यावर सरळ सांगायचं.

आणि मुलाचा पत्ता, फोन नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून आईच्या पर्समध्ये एक आणि बाबांच्या खिशात एक, कारण उतरल्यावर फोन चालेलच असं नाही.